परत येणारी नौका
घरच्या माणसांसाठी रेडिओ-नियंत्रित नौका कशी निवडावी, या पुस्तिकेची प्रस्तावना

ज्या मुलखात पांझरेसारखी नदी वर्षातील कित्येक महिने पाण्यापेक्षा वाळूनेच ओळखली जाते आणि मृगाच्या पहिल्या सरीची वाट कास्तकारापासून कारकुनापर्यंत सगळे सारख्याच आतुरतेने पाहतात, त्या खानदेशातील सोनगीरसारख्या गावी बसून नौकेविषयी, आणि तीही रेडिओलहरींच्या हुकुमाने चालणाऱ्या खेळण्यातल्या नौकेविषयी, पुस्तिका सिद्ध करणे हा उद्योग सकृद्दर्शनी विक्षिप्तपणाचा वाटण्याचा संभव आहे. तथापि अडवलेले पाणी या प्रांताला अपरिचित नाही. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाटाचे पाणी फडाफडांत वाटून घेण्याची पद्धती येथे कित्येक शतके नांदली. धुळे शहराची तहान नकाणे आणि डेडरगाव या तलावांनी वर्षानुवर्षे भागवली. तापीपलीकडच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने ती सर्वत्र गाजली. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना जाहीर केल्यापासून पाणी थेट बांधापर्यंत आले; आणि ज्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची पायाभरणी २०१९ च्या फेब्रुवारीत झाली, तिच्यातील जामफळ धरण तर सोनगीरच्या निकटच आहे. सारांश, ज्या घरातील आजोबांनी लहानपणी पावसाच्या ओघळात कागदाची होडी सोडली आणि ती वाहून गेलेली पाहिली, त्याच घरातील नातवाच्या समोर आज स्थिर, विस्तीर्ण आणि बारमाही नसले तरी आठमाही असे पाणी पसरलेले आहे. आणि त्या पाण्यावर रिमोटची बोट चालवण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली तर तिला विक्षिप्त म्हणता येणार नाही.

सोनगीरच्या बाबतीत या विषयाला आणखी एक आधार आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेस, फारुकी अमदानीशी नाते सांगणाऱ्या लांबट किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांकरिता प्रसिद्ध आहे. पत्रा ठोकून त्याला पोट आणावे, सांधा झाळून पक्का करावा आणि पाणी भरून तो पाझरतो की काय याची परीक्षा घ्यावी, ही तांबटाची विद्या. आणि नौका बांधणाऱ्याची विद्या ती उलट्या बाजूने पाहिली की प्राप्त होते, कारण एकाला पाणी आत राखावयाचे असते आणि दुसऱ्याला बाहेर. आपल्या विवाहसमारंभांत घंगाळातील पाण्यावर जे सच्छिद्र घटिकापात्र तरंगत ठेवीत, ते बुडण्यास एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे लागत. पोकळ पात्रात पाणी किती वेगाने शिरते आणि ते केव्हा तळ गाठते याचा इतका नेमका हिशेब ज्या समाजाने मुहूर्तासाठी ठेवला, त्याला तरंगणाऱ्या वस्तूचे शास्त्र परके वाटावयाचे कारण नाही. या घटिकेचे काम पुढे बॅटरीच्या प्रकरणात पुन्हा पडणार आहे.

दूर उभे राहून, मध्ये दोरी अथवा तार न ठेवता, एखाद्या वस्तूकडून काम करून घ्यावे, ही कल्पना दीर्घकाळ मंत्रविद्येच्या हद्दीत होती. ती विज्ञानाच्या हद्दीत आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत-प्रदर्शनात पाण्याच्या कुंडात एक लोखंडी अंगाची छोटी नौका सोडली आणि हातातील पेटीवरून तिचे सुकाणू, तिचा पंखा आणि तिचे दिवे हवे तसे चालवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्यांना या युक्तीचे अमेरिकी पेटंट मिळाले. म्हणजे रेडिओच्या आज्ञेने चालणारे जगातील पहिले वाहन विमान नव्हते आणि मोटारही नव्हती. ती तळ्यात मावेल अशी नौका होती. टेस्ला यांच्या मनात या शोधाचा लष्करी उपयोग होता आणि त्याप्रमाणे पुढे घडलेही. परंतु आमच्या प्रयोजनापुरता लक्षात घेण्याजोगा भाग असा की, त्या कुंडातील नौकेचे सारे नवल ती दूर जाण्यात नव्हते, कारण दूर तर वाऱ्याने लोटलेले पानही जाते. ती सांगितल्यावर वळली, सांगितल्यावर थांबली आणि सांगितल्यावर परत आली, यात ते नवल होते.

या पुस्तिकेचे प्रतिपाद्यही तेवढेच आहे. नवशिक्या कुटुंबाने नौकेची परीक्षा तिच्या वेगावरून, रंगावरून अथवा खोक्यावरील चित्रावरून न करता ती काठावर परत येण्याची शाश्वती किती, या एका कसोटीवर करावी. ही कसोटी दिसावयास साधी असली तरी पाण्याचा विस्तार, नौकेचा सांगाडा, पंख्याची जागा, लहरींची पोच, बॅटरीची मुदत आणि चालवणाराचा स्वभाव हे सर्व प्रश्न तिच्या पोटात येतात. आणि म्हणून पुढील प्रकरणांचा क्रमही तिच्याच अनुरोधाने लावला आहे.

प्रथम पाणी, कारण नौका बदलून मिळते, तळे बदलून मिळत नाही. शासकीय योजनेतील मोठ्या आकाराचे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असते. आता ताशी ३० किलोमीटर वेगाची म्हणून जी नौका अभिमानाने विकली जाते, ती एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक अंतर कापते. अर्थात असे शेततळे या काठापासून त्या काठापर्यंत ओलांडावयास तिला चार सेकंदही लागत नाहीत, आणि पाणी उतरून पृष्ठभाग आक्रसला असेल तर त्याहूनही कमी. चार सेकंदांत दहा वर्षांच्या मुलाने वेग घ्यावा, वळण ओळखावे आणि नौका फिरवावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. परिणामी नौका समोरच्या उतारावर आदळते आणि दोष मुलाच्या पदरी पडतो. तेच तळे ताशी १० किलोमीटरांची नौका साधारण अकरा सेकंदांत पार करते, आणि या अकरा सेकंदांत शिकण्यासारखे पुष्कळ असते. पाझर तलाव अथवा धरणाचा फुगवटा यांची गोष्ट निराळी. तेथे जागा विपुल, परंतु मदत दूर. नौका मध्यभागी बंद पडली तर वारा तिला ज्या काठाला लावील त्याचाच भरवसा. म्हणून शेततळ्यासाठी संथ व चटकन वळणारी, आणि मोठ्या तलावासाठी किंचित लांब, जड व लाटेला न डगमगणारी नौका, अशी ढोबळ विभागणी आम्ही केली आहे.

सांगाड्यांचे प्रकार बाजारात अनेक असले तरी नवशिक्याच्या विचारार्थ चार पुरेत. पहिला, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तळाची वेगवान नौका. ही दिसावयास देखणी, परंतु वळणावर उलटण्याची हिची खोड जगजाहीर आहे. तिच्यातील बऱ्या प्रतीच्या नौकांत आपोआप सुलट होण्याची तजवीज असते: अंगात एका बाजूस पोकळ कप्पा ठेवलेला असतो, नौका उलटली की त्यात पाणी शिरते, एक अंग जड होते आणि त्या भाराने ती पुन्हा सरळ होते. वेगवान नौकाच घ्यावयाची असा घरातील तरुण मंडळींचा आग्रह असेल, तर ही सोय असल्याखेरीज ती घेऊ नये अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. दुसरा प्रकार जोड-अंगाच्या कॅटमरानचा. तो उलटत कमी, परंतु एकदा उलटला म्हणजे त्याच चपट स्थैर्याने उलटाच राहतो. तिसरा प्रकार टगबोटीचा, म्हणजे बंदरात मोठी जहाजे ओढणाऱ्या बुटक्या, रुंद, दांडग्या नौकेच्या नमुन्याचा. तिला वेग नाही, पण वजन आहे, मागे येण्याची शक्ती आहे आणि दुसऱ्या बंद पडलेल्या नौकेला ढकलीत काठाला आणण्याचे सामर्थ्यही आहे. ज्या घरात एकच नौका येणार असेल त्या घरात ती या जातीची असावी, असे आमचे मत विचारांती झाले आहे. चौथी शिडाची नौका. ‘ड्रॅगन फोर्स ६५’ हा तिचा प्रसिद्ध नमुना, ज्याच्या अंगाची लांबी ६५ सेंटिमीटर असते. तिला मोटारीचा आवाज नाही आणि बॅटरी केवळ सुकाणू व शीड हलवण्यापुरती लागते. परंतु तिच्या तळाला लटकणारा वजनी कणा उथळ पाण्यात गाळात रुततो, आणि साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तो ज्येष्ठ-आषाढातील वारा तिला आडवी करतो. शिडाची नौका ही दुसरी नौका म्हणून उत्तम.

पंख्याचा प्रश्न तळ्यातील वनस्पतींशी निगडित आहे. शेततळ्याचा कागद, म्हणजे तळाला व उतारांना अंथरलेले प्लॅस्टिकचे अस्तर, स्वच्छ असेल तर पाण्याखाली फिरणारा साधा पंखा निर्वेध चालतो. परंतु जुन्या तळ्यात शेवाळाचे धागे, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे असतात, आणि यांपैकी कोणतीही वस्तू दांड्याभोवती गुंडाळली की मोटार तापून जळते. अशा ठिकाणी ज्या नौकेचा पंखा विमानासारखा वर हवेत फिरतो ती सपाट तळाची हवाई नौका निभावून नेते, मात्र तिच्या पंख्याला जाळीचे आवरण असलेच पाहिजे. पाण्याखालच्या पंख्यालाही बोटे कापण्याची शक्ती असतेच. म्हणून अनेक नौकांच्या तळाशी धातूची दोन टोके ठेवलेली असतात, जी पाण्याने ओली झाल्याखेरीज पंखा फिरतच नाही. लहान मुलांच्या घरी ही व्यवस्था वेगापेक्षा शतपट मोलाची आहे.

लहरींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण येथे काळानेच निवड सोपी केली आहे. पूर्वीच्या नौका २७ अथवा ४० मेगाहर्ट्झवर चालत आणि एकाच वारंवारतेच्या दोन नौका शेजारी आल्या की एकाच्या हुकुमाने दोन्ही वळत, ज्यावरून भावंडांत होणाऱ्या भांडणांना अंत नसे. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रणेत रिमोटची प्रत्येक पेटी आपल्याच नौकेशी जुळलेली असते, अनेक नौका एकाच पाण्यावर निर्वेध चालतात, आणि कमी शक्तीच्या उपकरणांसाठी या पट्ट्याला भारतात २००५ पासून परवान्याची गरज उरलेली नाही. एवढे मात्र ध्यानात असावे की या लहरी पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. नौकेतील ॲन्टेना पाणरेषेच्या वर असली पाहिजे, आणि चालवणारानेही काठावर बसून न राहता उभे राहावे. नौका पोच ओलांडून गेली असता ती आपोआप थांबते की शेवटच्या हुकुमाप्रमाणे पळतच राहते, हा प्रश्न दुकानदारास आवर्जून विचारावा. आणि विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी, नौका हातभर दोरीला बांधून, रिमोट बंद करून याची प्रत्यक्ष खातरजमा करावी.

आता बॅटरी. दीड हजार मिलीअँपिअर-तासांची बॅटरी सरासरी सहा अँपिअर प्रवाह देऊ लागली की पंधरा मिनिटांत रिती होते. म्हणजे नौकेचा एक फेरा घटिकेहूनही अल्प. घरात चालवणारी पाच माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन मिनिटे येतात, आणि त्यांतील एखादा मामा असेल तर तो आपली तीन मिनिटे पाळीत नाही. म्हणून अधिक महाग नौका घेण्यापेक्षा मध्यम किमतीची नौका आणि जोडीला दुसरी बॅटरी, अशी खर्चाची तरतूद करावी. शक्ती संपत आली की पेटीतून इशारा देणारी नौका घ्यावी आणि इशारा मिळताच, आणखी एक फेरी न मारता, तिला काठाकडे वळवण्याचा नियम घरात लावून घ्यावा. लिथियमच्या बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू दिल्यास कायमचा बिघडतो. तापलेली बॅटरी लगेच भारास, म्हणजे चार्जिंगला, लावू नये, भारास लावलेली सोडून झोपी जाऊ नये, आणि वैशाखात जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो त्या आमच्या जिल्ह्यात ती बंद मोटारगाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. खेळ संपल्यावर नौकेचे झाकण उघडून आतील ओल पुसावी आणि पंख्याच्या दांड्याला वंगण द्यावे; काळ्या मातीचा गाळ वाळला म्हणजे फार चिवट होतो.

खरेदीसंबंधी कायद्याची एक बाब नमूद करणे अवश्य आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. अनेक वेगवान नौकांच्या खोक्यांवर ‘वय १४ व त्यावरील’ असा मजकूर असतो. तो केवळ कौशल्याचा सल्ला समजू नये. जी वस्तू मुलांचे खेळणे म्हणून विकलीच जात नाही, तिला खेळण्यांची ती परीक्षाही लागू होत नाही, आणि तिची जोखीम मोठ्या माणसांनी आपल्या शिरावर घ्यावयाची असते. लहान मुलाच्या हाती स्वतंत्रपणे द्यावयाची नौका चिन्हांकित असावी. मोठी नौका मोठ्यांच्या समवेत चालवावी.

चालवण्याच्या शिक्षणातील प्रमुख अडचण एकच आहे, आणि ती यंत्राची नसून दृष्टीची आहे. नौका आपल्यापासून दूर जात असता तिचे उजवे-डावे आणि आपले उजवे-डावे एकच असते. ती आपल्याकडे येऊ लागली की ते उलटे होते. परत आणणे हीच आमची कसोटी असल्यामुळे, आणि नेमके परत येतानाच हा दृष्टिभ्रम होत असल्यामुळे, पहिला धडा वेगाचा न देता वळणाचा द्यावा: बंद झाकणाच्या दोन रिकाम्या बाटल्या, दोरीने दगडाला बांधून, काठाजवळ तरंगत ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती संथपणे इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या फेऱ्या घालाव्यात. लहान मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, आणि आजी-आजोबा शिकले की सोडत नाहीत.

येथवर जे लिहिले ते नौकेविषयी. आता जे लिहावयाचे ते माणसांविषयी, आणि त्यास आम्ही सल्ल्याऐवजी ताकीद म्हणतो. शेततळ्याचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळाचा पातळ थर चढला, की तीन मीटर खोलीच्या त्या उतारावरून पोहता येणाऱ्या प्रौढासही वर येता येत नाही. महाराष्ट्रात अशा तळ्यांत मुले आणि त्यांना वाचवावयास उतरलेली मोठी माणसे बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. म्हणून अडकलेल्या नौकेसाठी कोणीही, कोणत्याही कारणाने, पाण्यात उतरावयाचे नाही, हा नियम नौका विकत घेण्यापूर्वी सर्वांकडून वदवून घ्यावा. कुंपण नसलेल्या तळ्यावर मुलांना एकटे पाठवू नये. आणि गाठी मारलेला जाड दोर व फुगवलेली ट्यूब काठावर असल्याखेरीज खेळास आरंभ करू नये. नौका परत मिळवण्याचे सुरक्षित उपाय आहेत. वारा तोंडावर घेऊन उभे राहिले तर बंद पडलेली नौका आपोआप आपल्याच काठाला लागते. तसे न झाल्यास दोन माणसांनी समोरासमोरच्या भरावांवरून, कडेपासून दोन पावले मागे राहून, लांब सुतळी पाण्यावर आडवी धरून चालत जावे आणि नौका तिने ओढून आणावी. टगबोट असेल तर तिला पाठवावे. यांपैकी काहीही साधले नाही तर नौका तेथेच राहू द्यावी. ती खेळणे आहे.

तळे कोणाचे आहे याचीही चौकशी करावी. पाझर तलावात मत्स्यबीज सोडून मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तेव्हा ठेकेदाराची व ग्रामपंचायतीची अनुमती घेणे उचित. पिण्याच्या पाण्याच्या तलावात वंगण लावलेली नौका सोडूच नये. आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरली असतील तर त्यांच्या मागे नौका लावणे हा खेळ नसून वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकतो.

एवढा सारा बंदोबस्त एका खेळण्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जगात ही केवळ बालक्रीडा मानली जात नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील कुंडात मुले काठीने शिडाच्या होड्या लोटतात, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रौढ माणसे रेडिओ-नियंत्रित नौकांच्या शर्यती लावतात, नौकाप्रतिकृतींच्या छंदाची ‘नाविगा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ पासून कार्यरत आहे, आणि आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत प्रतिकृती बांधणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. समुद्र न पाहिलेल्या खानदेशी मुलाला पंखा, सुकाणू, भार आणि वारा यांचे नाते ज्या साधनाने आपल्याच बांधावर कळू शकते, त्याला क्षुल्लक लेखणे योग्य होणार नाही.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. मात्र पाण्याविषयीचे पहिले आणि सुरक्षिततेविषयीचे शेवटचे प्रकरण घरातील सर्वांनी, शक्य तर एकत्र बसून, वाचावे. विशिष्ट कंपन्यांच्या किमती आम्ही बुद्ध्याच दिलेल्या नाहीत, कारण त्या हंगामागणिक बदलतात. हस्तलिखित वाचून ज्यांनी शंका काढल्या, तांबटकामातील झाळणीचे मर्म ज्यांनी समजावून दिले आणि आपली शेततळी ज्यांनी प्रयोगासाठी मोकळी करून दिली, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. वाचकांस एकच विनंती आहे: ही पुस्तिका घेऊन थेट दुकानात जाऊ नये. आधी टेप घेऊन तळ्यावर जावे, लांबी-रुंदी मोजावी, वाऱ्याची दिशा पाहावी, दोर बांधण्यास जागा आहे की नाही ते तपासावे; आणि ही चार टिपणे खिशात असल्यावरच दुकानदाराशी बोलणी करावीत.

सोनगीर, जि. धुळे
विजयादशमी